गिटार सोडा, ड्रम ऐका: द क्लॅशचा आवाज कसा बदलत गेला

पंक म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे फाटक्या जीन्स, सेफ्टी पिना आणि दोन मिनिटांत संपणारं कर्कश गाणं येतं. १९७६-७७ च्या लंडनमध्ये ते बरंचसं तसंच होतं. पण त्याच गर्दीतल्या एका बँडने पहिला अल्बम काढून चार वर्षंही झाली नव्हती, तोवर तीन तबकड्यांचा, ३६ गाण्यांचा अल्बम बाजारात आणला. त्यात रेगे होता, रॅप होतं, चर्चमध्ये गातात तसलं गॉस्पेल होतं, तीन मात्रांचा वॉल्ट्झ होता, उलटी वाजवलेली टेप होती आणि लहान पोरांनी गायलेलं एक गाणंही होतं. हा बँड म्हणजे द क्लॅश.

एवढा बदल झाला कसा, याची दोन ठरलेली उत्तरं मिळतात. चाहते म्हणतात, 'पोरं मोठी झाली.' कट्टर पंकवाले म्हणतात, 'पैशाला भुलली.' मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात, कारण दोन्ही माणसांच्या हेतूंबद्दल बोलतात, वाजण्याबद्दल बोलत नाहीत. क्लॅशची गाणी वर्षानुवर्षं ऐकून माझं मत असं झालंय की या बँडच्या बदलाचा उलगडा गिटारमध्ये शोधू नये. गिटारचा गोंगाट कानावर आधी आदळतो, म्हणून आपण तोच ऐकत बसतो. त्याच्या खाली ड्रमवर कोण बसलंय, बास (खर्जाच्या स्वरांची गिटार) कुठल्या वस्तीतून आलाय आणि रेकॉर्डिंगच्या खोलीत कोणाचा शब्द चालतोय, एवढं बघितलं की एकेक अल्बम उलगडत जातो.

माणसं आणि मोहल्ला

बँड जमला १९७६ मध्ये, पश्चिम लंडनमध्ये. गाणारा जो स्ट्रमर. खरं नाव जॉन मेलर, वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात, त्यामुळे जन्म अंकाऱ्याचा आणि शिक्षण बोर्डिंग स्कूलमध्ये. (वडिलांचा जन्म लखनौचा.) क्लॅशच्या आधी तो पबमधून जुनं रॉक अँड रोल वाजवत असे. गिटारवर मिक जोन्स. हा आजीबरोबर एका टॉवरच्या अठराव्या मजल्यावर राहायचा आणि खिडकीतून वेस्टवे हा उंचावरून जाणारा मोटाररस्ता दिसायचा. गाण्यांच्या चाली बांधण्याची, कुठलं वाद्य कुठे घ्यायचं हे ठरवण्याची हातोटी त्याच्याकडे. बासवर पॉल सिमनन. हा मुळात चित्रकलेचा विद्यार्थी, बास वाजवता येतच नव्हता. कुठल्या जागी कुठला स्वर आहे हे कळावं म्हणून त्याने बासच्या दांड्यावर स्वरांची नावं रंगवून ठेवली होती.

पण सिमननकडे एक गोष्ट होती जी इतर दोघांकडे तेवढी नव्हती. तो ब्रिक्स्टन आणि नॉटिंग हिल भागात वाढला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जमैका, त्रिनिदाद वगैरे बेटांवरून आलेली कुटुंबं या वस्त्यांत राहिली, आणि त्यांच्याबरोबर त्यांचं संगीत आलं. स्का आणि रेगे सिमननच्या कानावर लहानपणापासून पडत होतं. ऑगस्ट १९७६ मध्ये नॉटिंग हिलच्या कार्निव्हलमध्ये काळी तरुण पोरं आणि पोलीस यांच्यात दंगल पेटली, तेव्हा स्ट्रमर आणि सिमनन तिथे होते. बँडचं पहिलं गाजलेलं गाणं 'व्हाइट रायट' त्यातून आलं. काळी पोरं अन्यायाविरुद्ध उभी राहतात, मग आम्ही गोरी पोरं गप्प का, असा त्याचा सवाल. नावावरून काहींनी त्याचा अगदी उलटा अर्थ लावला. एप्रिल १९७८ मध्ये वंशवादाविरुद्धच्या मैफलीत, लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात, हा बँड हजारो लोकांपुढे उभा राहिला, त्यात या गैरसमजाचं उत्तर होतं.

पहिला अल्बम: सरळ ठेका

जानेवारी १९७७ मध्ये सीबीएस या बड्या कंपनीने क्लॅशशी एक लाख पौंडांचा करार केला. 'पंक त्याच दिवशी मेलं' असं तेव्हाच्या एका पंक नियतकालिकाच्या संपादकाने जाहीर केलं. म्हणजे 'बदलले, बिघडले' ही तक्रार पहिला अल्बम यायच्याही आधीची आहे.

अल्बम आला एप्रिलमध्ये. तीन वीकेंडांत मिळून तो ध्वनिमुद्रित झाला, खर्च सुमारे चार हजार पौंड. निर्माता म्हणून कुणी नावाजलेला माणूस नव्हता. कार्यक्रमांत बँडचा साउंड सांभाळणारा मिकी फूटच खुर्चीत बसला. ड्रमवर टेरी चाइम्स. तो बँड सोडून चाललाच होता, फक्त रेकॉर्डिंगपुरता थांबला, आणि वेष्टनावर त्याचं नाव थट्टेने 'टोरी क्राइम्स' असं छापलं गेलं.

चाइम्सचा ठेका सरळ आणि घट्ट आहे. कुठे थांबणं नाही, कुठे नक्षी नाही. ३५ मिनिटांत १४ गाणी. बेकारी, कंटाळा, मनाविरुद्धच्या नोकऱ्या, शहराचा ताप. ब्रिटनमध्ये तेव्हा बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती, आणि स्ट्रमरचे शब्द त्या रांगेतून उचललेले वाटतात. एवढं ऐकून कुणी म्हणेल की हाच तो पंकचा साचा. तर मग त्याच अल्बमवरचं 'पोलीस अँड थीव्ह्ज' ऐका.

हे गाणं मूळचं जमैकाच्या ज्युनियर मर्विनचं, निर्माता ली 'स्क्रॅच' पेरी. १९७६ च्या उन्हाळ्यात ते लंडनच्या काळ्या वस्त्यांत घरोघर वाजत होतं. क्लॅशने ते काय केलं हे समजायला रेगेचा ठेका आधी कळायला हवा. तोंडाने 'एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि' असं मोजा. रॉकची गिटार साधारणपणे आकड्यांवर वाजते. रेगेची गिटार 'आणि'वर वाजते, छोटासा, तुटक आघात. आणि ड्रमचा जोरकस ठोका बऱ्याचदा तिसऱ्या मात्रेवर पडतो. जिथे आपल्या कानाला सम अपेक्षित असते, तिथे मोकळी जागा. त्या रिकाम्या जागेत बास फिरतो. म्हणून रेगेमध्ये बास हेच पुढचं वाद्य आणि गिटार मागचं.

गोऱ्या पोरांनी रेगेची नक्कल करायची म्हटली तर दोन्ही गिटारी 'आणि'वर वाजवल्या असत्या. मिक जोन्सने तसं केलं नाही. एक गिटार आकड्यावर ठेवली, दुसरी 'आणि'वर. दोन्ही एकमेकींना ढकलत राहतात. त्यामुळे हे गाणं ना धड रेगे आहे ना धड रॉक, आणि सहा मिनिटं चालतं, म्हणजे अल्बमवरच्या इतर काही गाण्यांच्या तिप्पट. सगळ्या पुढच्या बदलांचं बी इथेच पडलंय, पहिल्याच अल्बमवर. बॉब मार्लीने त्याच वर्षी केलेल्या 'पंकी रेगे पार्टी'त क्लॅशचं नाव आलं, ते उगाच नाही.

अमेरिकेतल्या सीबीएसला हा अल्बम एवढा ओबडधोबड वाटला की त्यांनी तो काढलाच नाही. तिकडच्या लोकांनी एक लाखाहून जास्त प्रती ब्रिटनमधून मागवून घेतल्या. शेवटी १९७९ मध्ये कंपनीने गाणी बदलून तो अमेरिकेत आणला.

टॉपर

१९७७ च्या वसंतात ड्रमवर निकी हेडन आला. सिमननने त्याला एका चित्रकथेच्या साप्ताहिकावरून 'टॉपर' हे नाव चिकटवलं. माझ्या मते क्लॅशच्या गोष्टीतला हा सर्वांत महत्त्वाचा दिवस आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. टॉपरला जॅझ येत होतं, सोल येत होतं, फंक येत होतं. आतापर्यंत बँडला वाटेल ते वाजवायची इच्छा होती, पण खालचा ठेका एकच होता. आता डोक्यात येईल त्या चालीला पायाखाली जमीन देणारा माणूस मिळाला.

त्याचं बँडबरोबरचं पहिलं रेकॉर्डिंग म्हणजे 'कम्प्लीट कंट्रोल'. कंपनीने न विचारता एक गाणं सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमबाहेर सुट्या तबकडीवर, काढलं, त्यावरचा हा उघड संताप, आणि निर्माता म्हणून बोलावला तो थेट ली पेरीला. पुढच्या वर्षी, जून १९७८ मध्ये, '(व्हाइट मॅन) इन हॅमरस्मिथ पॅले' आलं. स्ट्रमर एका रात्रभराच्या रेगे मैफलीला गेला होता. बंडाची गाणी ऐकायला मिळतील या आशेने गेला आणि झगमगीत करमणूक बघून परतला. गाण्यात तो स्वतःच्या त्या आशेलाही तपासतो आणि सूट घालून मिरवणाऱ्या नव्या पंक बँडांनाही सोडत नाही. चाल संथ, मध्ये माउथ ऑर्गन, गिटार रेगेच्या जागेवर. १९७८ मध्ये पंक बँडने असं गाणं काढणं म्हणजे आपल्याच प्रेक्षकांना कोड्यात टाकणं होतं. ते गाणं मला त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत प्रामाणिक वाटतं.

मग नोव्हेंबर १९७८ मध्ये 'गिव्ह एम इनफ रोप' आला. कंपनीला अमेरिकेच्या बाजारासाठी गुळगुळीत आवाज हवा होता, म्हणून अमेरिकी निर्माता सँडी पर्लमन आणला. त्याने गिटारींचे थरावर थर चढवले आणि स्ट्रमरचा आवाज त्यात मागे गेला. अल्बम ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोचला. 'सेफ युरोपियन होम' आणि 'टॉमी गन' उत्तम. 'टॉमी गन'मध्ये टॉपरचा स्नेअर ड्रम खरोखर मशीनगनसारखा फुटतो. पर्लमन टॉपरला चालतंबोलतं ड्रम मशीन म्हणायचा, इतका त्याचा ठेका पक्का. पण एकूण हा अल्बम जड आहे. ज्या मोकळ्या जागेतून 'पोलीस अँड थीव्ह्ज' श्वास घेत होतं ती जागाच इथे गिटारींनी भरून टाकली. त्यावर फार रेंगाळायचं कारण नाही.

लंडन कॉलिंग

१९७९ च्या उन्हाळ्यात क्लॅशची अवस्था वाईट होती. व्यवस्थापक बर्नी ऱ्होड्सशी फाटलं होतं, त्याच्याबरोबर सरावाची जागा गेली होती, खिशात पैसा नव्हता. पिम्लिकोमध्ये एका गॅरेजच्या मागे 'व्हॅनिला' नावाची खोली मिळाली. दुपारी सराव, समोरच्या मैदानात फुटबॉल, परत सराव. आठवडेच्या आठवडे असंच. बाहेरचं कुणी नव्हतं. ताण टाळायला ते जुनी रॉक अँड रोल, रिदम अँड ब्लूज, रेगे अशी आवडीची गाणी वाजवत बसायचे. त्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी अमेरिकेचा पहिला दौरा केला होता आणि आपल्या आधी मंचावर बो डिडली या जुन्या उस्तादाला सन्मानाने बोलावलं होतं. ते सगळं कानात होतं. 'लंडन कॉलिंग'मधलं वैविध्य तंगीच्या त्या दिवसांत असं आपोआप साचत गेलं.

रेकॉर्डिंग झालं हायबरीच्या वेसेक्स स्टुडिओत. निर्माता गाय स्टीव्हन्स. कंपनीला हा माणूस नको होता. दारूचं व्यसन, बेभरवशाचा. तो स्टुडिओत शिडी फिरवायचा, खुर्च्या फेकायचा. गाणं तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे का यापेक्षा वाजवताना खोलीत वीज आहे का, हे तो बघायचा. एक प्रसंग फार बोलका आहे. बँडने 'ब्रँड न्यू कॅडिलॅक' हे १९५९ चं जुनं गाणं वाजवलं, हात मोकळे करायला म्हणून. संपल्यावर स्टीव्हन्स म्हणाला, झालं, हेच ठेवू. टॉपर म्हणाला, अहो, पण लय वाढलीय. स्टीव्हन्सचं उत्तर: रॉक अँड रोलची लय वाढतेच. आणि ते पहिलंच वाजवणं अल्बमवर गेलं. आज ऐकलं तर लय वाढताना स्पष्ट कळते, आणि त्यातच त्या गाण्याचा जीव आहे. या वेडाला आवर घालायला ध्वनिमुद्रक बिल प्राइस होता आणि वाद्यांची मांडणी मिक जोन्स करत होता, हेही लक्षात ठेवायला हवं. नुसत्या खुर्च्या फेकून असा अल्बम होत नाही.

शीर्षकगीत कान देऊन ऐका. गिटारी सरळ, कडक, मात्रेवर पावलं टाकत येतात, सैन्यासारख्या. मग बास घसरत आत शिरतो आणि गाण्याची खरी चाल त्याच्याकडे जाते. 'लंडन कॉलिंग' ही बीबीसीच्या परदेशी प्रक्षेपणाची ओळखीची घोषणा. गाण्यात पूर आहे, उपासमार आहे, आणि अणुअपघाताची भीती आहे, कारण मार्च १९७९ मध्येच अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात दुर्घटना झाली होती. अगदी शेवटी गिटारचा जो तुटक आवाज येतो तो मोर्स कोडमध्ये 'एसओएस' म्हणतो.

आणि 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन'. सिमननने स्वतः लिहिलेलं आणि गायलेलं पहिलं गाणं. गाणी लिहिणाऱ्यालाच पैसे मिळतात हे कळल्यावर मी लिहायला लागलो, असं त्याने मोकळेपणाने सांगितलंय. तीन वर्षांपूर्वी ज्याला स्वर रंगवून ठेवावे लागत होते, त्याने रचलेली ही बासची सुरावट एवढी भक्कम आहे की बाकी सगळं काढून टाकलं तरी गाणं उभं राहतं. तसं झालंही. १९९० मध्ये बीट्स इंटरनॅशनलने तीच बासची ओळ घेऊन गाणं केलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

बाकी काय काय आहे! 'जिमी जॅझ'मध्ये डुलणारा जॅझचा ठेका. 'रूडी कान्ट फेल'मध्ये ब्रासची वाद्यं आणि स्काची उडी. 'लॉस्ट इन द सुपरमार्केट'मध्ये जवळजवळ डिस्कोसारखी हलकी पावलं. ऑर्गनवर मिकी गॅलाघर. इथे टॉपर नसता तर यातली निम्मी गाणी सरावाच्या खोलीतच राहिली असती असं मी ठामपणे म्हणेन.

किमतीची गोष्टही सांगायला हवी, कारण क्लॅशच्या बाबतीत किंमत हा संगीताचाच भाग होता. बँडला दोन तबकड्या एकीच्या किमतीत द्यायच्या होत्या. कंपनी नाही म्हणाली. मग त्यांनी विचारलं, निदान बारा इंची सिंगल फुकट जोडता येईल का? कंपनी हो म्हणाली. त्या 'सिंगल'वर त्यांनी हळूहळू नऊ गाणी भरली. डिसेंबर १९७९ मध्ये १९ गाण्यांचा दुहेरी अल्बम पाच पौंडांच्या आसपास दुकानात आला. शेवटचं 'ट्रेन इन व्हेन' इतक्या उशिरा जोडलं गेलं की वेष्टन छापून झालं होतं, त्यावर त्याचं नावच नाही.

सँडिनिस्टा: मिक्सिंगचं टेबल हेच वाद्य

निकाराग्वातल्या क्रांतिकारकांनी जुलै १९७९ मध्ये सोमोझाची राजवट उलथवली. त्यांच्या नावावरून डिसेंबर १९८० चा अल्बम. सहा बाजू, प्रत्येक बाजूवर सहा गाणी, किंमत सहा पौंडांच्या आत. त्यासाठी बँडने ब्रिटनमधल्या पहिल्या दोन लाख प्रतींवरचं आपलं मानधन सोडून दिलं.

इथे दोन नवी शहरं बँडच्या आवाजात शिरली. पहिलं न्यूयॉर्क. १९८० च्या वसंतात ते तिथल्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत होते. बाहेर रॅप नुकतंच रस्त्यावरून रेडिओवर येत होतं. मिक जोन्स त्याच्या पार प्रेमात पडला. सिमनन तेव्हा एका चित्रपटाच्या कामाला गेला होता, म्हणून बास नॉर्मन वॉट-रॉयने वाजवला, आणि तो होता फंकमधला मुरलेला माणूस. 'द मॅग्निफिसंट सेव्हन' त्यातून जन्मलं: बासची एकच ओळ गोल गोल फिरते, टॉपरचा ठेका तिला धरून, आणि वर स्ट्रमर सकाळी सातच्या गजरापासून नोकरदाराचा अख्खा दिवस बडबडत सुटतो. पुढे त्याचं बिनशब्दांचं रूप न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएलएस या काळ्या श्रोत्यांच्या रेडिओवर वाजू लागलं. पंक बँडचं गाणं तिथे वाजणं ही साधी गोष्ट नव्हती.

दुसरं शहर किंग्स्टन. तिथल्या चॅनल वन स्टुडिओत त्यांनी काम सुरू केलं, पण वस्तीतले दादा पैसे मागायला येणार असं कळल्यावर गाशा गुंडाळावा लागला. किंग्स्टनकडून जे कायमचं मिळालं तो माणूस म्हणजे मायकी ड्रेड, जमैकाच्या रेडिओवरचा नामवंत निवेदक आणि निर्माता. त्याने डबचं तंत्र आणलं.

डब म्हणजे काय? गाणं वाजवून झालं, टेपवर प्रत्येक वाद्य वेगवेगळ्या ट्रॅकवर आहे. आता मिक्सिंगच्या टेबलावर बसलेला माणूस शब्द काढून टाकतो, गिटार काढतो, फक्त ड्रम आणि बास ठेवतो. मधूनच शब्दाचा एखादा तुकडा सोडतो, त्याला लांब प्रतिध्वनी देतो, तो विरतो, पुन्हा ड्रम. वाजवणारे घरी गेलेले असतात. गाणं मात्र दुसऱ्यांदा घडत असतं. 'सँडिनिस्टा'च्या सहाव्या बाजूवर अशी डबची रूपं बरीच आहेत. ज्यांना दोन मिनिटांचं पंक हवं होतं त्यांना हे वाया घालवलेलं प्लास्टिक वाटलं. पण 'पोलीस अँड थीव्ह्ज'मधली ती रिकामी जागा आठवा. तिथून सरळ चालत गेलं की माणूस इथेच पोचतो.

३६ गाणी सारखी चांगली नाहीत, हे सरळ म्हणतो. दुसऱ्या तबकडीनंतर कंटाळा येतो, काही गाणी अर्धवट आहेत. तरी 'समथिंग अबाउट इंग्लंड', 'वॉशिंग्टन बुलेट्स', 'पोलीस ऑन माय बॅक' यांच्यासाठी मी पूर्ण अल्बम सोसायला तयार आहे. 'वॉशिंग्टन बुलेट्स' तर ऐकाच: मरिंबाच्या नाचऱ्या सुरांवर चिलीचा गायक व्हिक्टर हारा याचा खून, क्यूबा, निकाराग्वा, आणि तेवढ्याच कठोरपणे तिबेट आणि अफगाणिस्तानही. स्वतःच्या बाजूच्या सत्तांनाही जाब विचारणारं गाणं एवढ्या हलक्या चालीत बांधणं अवघड असतं.

श्रोते मात्र बँडइतक्या वेगाने सरकत नव्हते. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर, बाँड्स या जागी, ठरलेले आठ कार्यक्रम परवानगीच्या गोंधळामुळे १७ झाले. आपल्या आधी त्यांनी रॅपवाल्या ग्रँडमास्टर फ्लॅशला बोलावलं होतं. क्लॅशच्या चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली, त्याच्यावर वस्तू फेकल्या. ज्या संगीतातून बँडने इतकं घेतलं, ते समोर आल्यावर बँडच्याच लोकांनी हाकललं. बँडला ते फार लागलं.

कॉम्बॅट रॉक आणि टॉपरचं जाणं

पुढच्या अल्बमचं पहिलं मिश्रण मिक जोन्सने केलं: लांबलचक, नाचाच्या ठेक्यांचं, पाऊण तासापेक्षा बरंच जास्त. बाकीच्यांना ते नको होतं. ग्लिन जॉन्स या अनुभवी माणसाला बोलावलं, त्याने कात्री लावून ४६ मिनिटांवर आणलं. मे १९८२ मध्ये 'कॉम्बॅट रॉक' आला आणि विक्रीच्या दृष्टीने त्यांचा सर्वांत मोठा ठरला.

यातलं 'रॉक द कॅसबा' सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलंय. ते जवळजवळ एकट्या टॉपरचं आहे. एक दिवस स्टुडिओत तो आधी पोचला, बाकीचे आले नव्हते. त्याने ड्रम वाजवले, मग त्यावर पियानो, मग बास. बाकीचे येईपर्यंत गाणं तयार. शब्द स्ट्रमरचे, आणि त्यांचा एक धागा आपल्याकडे येतो: परतलेल्या बर्नी ऱ्होड्सने बँडच्या लांबत जाणाऱ्या गाण्यांना वैतागून विचारलं होतं, प्रत्येक गाणं रागासारखं लांबायलाच हवं का? स्ट्रमरने तेवढं उचललं, आणि गाण्याच्या सुरुवातीलाच राजा राग बंद करायचं फर्मान काढतो. इराणमध्ये क्रांतीनंतर संगीतावर आलेली बंदी त्यामागे होती.

'स्ट्रेट टू हेल' वेगळ्याच जातीचं. टॉपरचा ठेका बोसा नोव्हाच्या अंगाने जातो, ब्राझीलचा, सावकाश. रेकॉर्डिंगच्या वेळी त्याने स्ट्रमरच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली लेमोनेडची बाटली दिली आणि बेस ड्रमवर पुढून आपटायला सांगितलं. तो दबका, पोटात जाणारा आवाज तिथून येतो. शब्द कोणाचे? पोलादाचे कारखाने बंद पडल्यावर इंग्लंडमध्ये नकोसे झालेले स्थलांतरित, आणि व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिक मागे सोडून गेलेली त्यांची मुलं. २००७ मध्ये लंडनच्या श्रीलंकन तमिळ कुटुंबातल्या एम. आय. ए.ने याच गाण्याचा तुकडा घेऊन 'पेपर प्लेन्स' केलं, पुन्हा स्थलांतरितांबद्दलच. ते २००८ च्या 'स्लमडॉग मिल्यनेअर'मध्ये मुंबईच्या पोरांच्या रेल्वेप्रवासावर वाजतं. त्यामुळे क्लॅशचं नावही न ऐकलेल्या पुष्कळ मराठी घरांत क्लॅश वाजून गेलेला आहे.

अल्बम येता येताच टॉपरला काढलं. हेरॉइनचं व्यसन हाताबाहेर गेलं होतं. दौऱ्याला टेरी चाइम्स परत आला. 'रॉक द कॅसबा'च्या व्हिडिओत ड्रमवर चाइम्स दिसतो, कानावर पडतो तो टॉपर. अमेरिकेत ते गाणं आठव्या क्रमांकावर चढत होतं तेव्हा ज्याने ते बांधलं तो बँडमध्ये नव्हता. सप्टेंबर १९८३ मध्ये मिक जोन्सलाही काढून टाकलं. त्या निर्णयांचा पश्चात्ताप स्ट्रमरने पुढे उघडपणे बोलून दाखवला.

नोव्हेंबर १९८५ मध्ये 'कट द क्रॅप' आला. ड्रमच्या जागी यंत्र, निर्मितीचा ताबा ऱ्होड्सकडे, वर फुटबॉलच्या गर्दीसारखे कोरस. बँडकडे तेव्हा पीट हॉवर्डसारखा चांगला ड्रमवाला होता, त्याला जवळपास वापरलंच नाही. 'धिस इज इंग्लंड' हे एक गाणं काळजाला भिडतं. बाकी अल्बममध्ये, स्ट्रमर तोच असूनही, पायाखाली काही नाही. २०१३ मध्ये बँडच्या सगळ्या कामाचा मोठा संच निघाला, त्यात हा अल्बम घेतलेलाच नाही.

नव्याने ऐकणाऱ्यांनी माझ्या मते कालक्रमाने जाऊ नये. आधी 'लंडन कॉलिंग' पूर्ण ऐका, मग मागे जाऊन पहिला अल्बम, आणि 'पोलीस अँड थीव्ह्ज' आल्यावर ज्युनियर मर्विनचं मूळ गाणं लगेच लावा. त्यानंतर 'हॅमरस्मिथ पॅले' आणि 'कॉम्बॅट रॉक'. 'सँडिनिस्टा' शेवटी, एका दिवशी एकच बाजू, आणि शक्यतो चांगल्या हेडफोनवर, कारण फोनच्या स्पीकरमधून बास येतच नाही.